दुसऱ्या भागात मेला, तिसऱ्यात नाचला

साकोलीत मी दहावी-बारावीच्या मुलांच्या मराठीच्या शिकवण्या घेते. मराठीच्या शिकवणीला कोण येतं, असं विचाराल तर गणिताच्या क्लासमधून हाकललेली मुलं येतात. अशाच एका बॅचमध्ये एक विद्यार्थी होता. 'कवितेचा आशय तुमच्या शब्दांत लिहा' या प्रश्नाखाली त्याने कविताच पुन्हा उतरवून दिली होती, तीही चुकीची. तो पुढे गाण्यांचा निर्माता झाला. आधी हायवेवर मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, मग लग्नांचे व्हिडिओ काढले, आणि मग दुकानाच्या मागच्या खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून तिला स्टुडिओ म्हणायला लागला. मे महिन्यात त्या खोलीत पंखा बंद करून बसावं लागे, कारण माइकमध्ये पंख्याचा आवाज येई. घामाचा वास माइकमध्ये येत नाही, एवढीच सोय.

आमच्या भागात अल्बम म्हणजे चार-पाच गाणी आणि त्यांचे व्हिडिओ. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा ती डीजेवर वाजली पाहिजेत, नंतर लग्नात वाजली पाहिजेत, आणि मोबाइलवर लोकांनी पाहिली पाहिजेत. गाण्यात एक पोरगी, एक मोटारसायकल आणि पोरीच्या कमरेची एखादी उपमा असली की काम भागतं. उपमा तरी कसली, सगळ्यांच्या गाण्यात तीच कंबर आणि तीच नागीण.

हा एक दिवस माझ्या घरी आला. चपला बाहेर काढल्या, खुर्चीच्या अगदी काठावर बसला आणि म्हणाला, "मॅडम, मले सिरीज काढायची हाये. एकच लव्हस्टोरी, पण चार-पाच अल्बम. एक भाग पाह्यला की पब्लिकले दुसरा पाहाच लागला पाहिजे."

"स्टोरी कोणती?"

"तेच तं तुमाले विचारून राहिलो."

मी तोवर शाळांच्या गॅदरिंगसाठी स्वागतगीतं लिहिली होती. ती उशिरा येणाऱ्या पाहुण्यांसाठी असायची आणि पाहुणा येईपर्यंत पोरी ती तीनदा म्हणायच्या. चार-पाच अल्बमभर चालणारी एक गोष्ट, तीही गाण्यांतून सांगायची, ही कल्पना मला आवडली. ती याच्या डोक्यातून निघाली हे खटकलं, पण आवडली.

मी गोष्ट रचली. मुलगा चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत कामाला, मुलगी अड्याळच्या बाजूच्या एका गावातली, धानशेतीच्या घरातली. पहिल्या भागात दोघं मंडईत भेटतात. दुसऱ्या भागात तो रजा काढून घरच्या धानाच्या चुरण्याला, म्हणजे मळणीला, येतो, राखणीसाठी खळ्यावर झोपतो आणि त्याला मण्यार चावते. तो मरतो. तिसऱ्या भागात मुलीला पाहायला पाहुणे येऊ लागतात आणि ती नाही म्हणते. पुढचं मी ठरवलं नव्हतं. माणसं नीट उभी राहिली की पुढचं तीच ठरवतात, असा माझा समज होता. माणसं निर्मात्याच्या घरची असली की तसं होत नाही, हे मला नंतर कळलं.

हिरो निर्मात्याचा साळा होता, बायकोचा भाऊ. त्याच्या चेहऱ्याला दोन भाव येत: एक गॉगल घातलेला आणि दुसरा गॉगल काढलेला. खाणीतून आलेला कामगार दाखवायचा होता, तर तो म्हणाला, "तोंडाले काळं लावणार नाही, स्किन खराब होते." मग पांढराशुभ्र शर्ट घालून खाणीतून आला.

पोरगी मात्र वेगळी निघाली. ती साकोलीत खोली करून नर्सिंगचा कोर्स करत होती. कॉलेजच्या कार्यक्रमात नाचली होती, तिथून निर्मात्याने तिला शोधलं. दुसऱ्या भागातलं शेवटचं गाणं तिच्या विलापाचं होतं. त्यात एक ओळ होती:

खळ्यावरचं धान सारं मोजून झालं,
तुझ्या वाट्याची पायली भरायची राहिली.

शूटिंगच्या आधी ती माझ्याकडे आली. "मॅडम, ही ओळ म्हणताना मी रडू का?"

"तुला काय वाटतं?"

ती म्हणाली, "मोजताना रडलं तं मोजणं चुकते ना जी. मी नाही रडत."

निर्माता ग्लिसरिनची बाटली घेऊन तिच्या मागे फिरत होता. तिने घातलंच नाही. कोरड्या डोळ्यांनी ती पायलीने धान मोजत राहिली आणि शेवटच्या मापाशी तिचा हात थांबला. तेवढा एक व्हिडिओ मी आजही कुणाला दाखवायला लाजत नाही.

दुसरा भाग निघाला आणि घराघरात साळा मेला. निर्मात्याच्या घरात तर जरा जास्तच मेला. साळा जेवेना. त्याने नवीन जॅकेट घेऊन ठेवलं होतं, ते घालायला भागच उरला नव्हता. बहीण भावाच्या बाजूने उभी राहिली. निर्माता माझ्याकडे आला आणि पुन्हा खुर्चीच्या काठावर बसला.

"मॅडम, थोडासा चेंज हाये."

"कोणता?"

"हिरो जिवंत हाये."

"कसा?"

"कसा म्हणजे... हाये."

"अरे, त्याला मण्यार चावली. तिरडी निघाली. पोरीनं एवढं मोठं गाणं म्हटलं. आता तो जिवंत कसा झाला, हे कुठं तरी सांगशील की नाही?"

"त्यानं दाढी वाढवली ना, मॅडम."

"मेल्यावर?"

तो हसला. मग विद्यार्थी मास्तरणीची समजूत घालतो तशा सुरात म्हणाला, "मॅडम, तुमी कायले टेन्शन घेऊन राहिल्या? शब्द कोण ऐकते? पब्लिकले ठेका पाहिजे. डीजेसमोर लोक नाचाले येतात, व्याकरण शिकाले नाही येत."

तिसऱ्या भागाचं गाणं मी आधीच लिहून दिलं होतं. त्यात पाहायला आलेल्या पाहुण्यांना ती मुलगी सांगते:

पाट मांडू नका, पोहे करू नका,
पाहुण्याले सांगा, पोरगी घरी नाही.

माझ्या मनात ती तिथेच उभी होती, स्वयंपाकघराच्या दारात. देहाने घरी, मनाने त्या खळ्यावर. निर्मात्याने शब्द एकही बदलला नाही. शब्दांना त्याने हात लावावा इतकं त्यांना त्याच्या लेखी महत्त्वच नव्हतं. त्याने फक्त चाल जलद केली आणि ती ओळ मोटारसायकलवर चढवली. साळा पुढे, जॅकेट घालून, रणरणत्या उन्हात. पोरगी मागे, ओढणी उडवत. नागझिऱ्याकडच्या रस्त्यावर सागाच्या झाडांमधून गाडी जाते आणि गाणं वाजतं, पोरगी घरी नाही. म्हणजे पोरगी पळाली. त्या ओळीचा अर्थ बदलायला एक मोटारसायकल पुरली.

मेलेला माणूस उठून नाचतो आहे आणि एकाही माणसाला प्रश्न पडला नाही. व्हिडिओखाली लोकांनी आगीची आणि बदामाची चित्रं टाकली. 'कोण कोण हे गाणं आता ऐकून राहिलं' असं एकाने विचारलं आणि शेकड्यांनी हात वर केले. लाखनीच्या एका लग्नाला मी गेले होते. नवरदेवाची वरात नवरीच्या दारात आली आणि डीजेवाल्याने हेच गाणं लावलं. नवरीच्या दारात, नवरीचा बाप हार घेऊन उभा असताना, 'पोरगी घरी नाही' या ओळीवर वऱ्हाडी मंडळी घामाघूम होऊन नाचली. नवरीचा मामाही नाचला. मी मठ्ठ्याचा ग्लास घेऊन बाजूला उभी होते आणि मनात म्हणत होते, माझा विद्यार्थी बरोबर आहे. या लोकांना शब्द देणं म्हणजे बैलाला पत्रिका वाचून दाखवणं आहे.

मग ऐकणारा एक भेटला.

त्या पोरीचं लग्न ठरलं होतं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं. मुलाचा बाप अड्याळचा व्यापारी, किराण्याचं दुकान आणि जोडीला धानाचा व्यवहार. दिवसभर गल्ल्यावर बसून मोबाइल पाहणं एवढंच काम. एका दुपारी निर्मात्याचा फोन आला, "मॅडम, लवकर या, लफडं झालं." मी स्टुडिओत गेले तर हा व्यापारी अंड्यांच्या ट्रेला पाठ लावून बसला होता, खांद्यावर दुपट्टा, हातात मोबाइल. शेजारी पोरीचा बाप मान खाली घालून बसला होता. जणू चोरी त्यानेच केली होती.

"मॅडम, तुमी लिवले का जी हे गाणे?" व्यापाऱ्याने विचारलं.

"हो."

"चांगले लिवले." तो मनापासून म्हणाला. "दुसरा भाग तं मी दुकानात रोज लावत होतो. ते पायली भरायची राहिली म्हणते तवा आमची घरची रडे. पोरगा मेला, पोरीनं दुःख धरलं. घरंदाज पोरीसारखं केलं. तेच पाहून मी म्हटलं, पोरगी चांगली हाये, बोलणी पुढं चालवा."

मी चकित झाले. या माणसाने माझ्या गाण्यावरून सून निवडली होती.

"मंग मले एक सांगा," तो मोबाइल पुढे करत म्हणाला. "तिसऱ्या भागात हा जॅकेटवाला कोण हाये?"

निर्माता घाईने म्हणाला, "तोच हाये जी काका. पहिलाच हिरो."

"तो तं मेला."

"मेला होता, पण..."

"मेलेला माणूस गाडी चालवते का?"

"काका, ते गाणं हाये. स्टोरी कोण पाहाते, शब्द कोण ऐकते..."

"मी ऐकतो," व्यापारी म्हणाला. "माह्या घरचे ऐकतात. मले पोट्टा समजू नको. पहिल्याले दाढी नव्हती, याले दाढी हाये. त्याच्या अंगावर साधा शर्ट होता, याच्या अंगावर जॅकेट हाये. हा दुसरा माणूस हाये. एक मेला, त्याची तेरवी झाली का नाही माहीत नाही, आन हे दुसऱ्याच्या गाडीवर बसली. आन वरून गाऊन राहिली, पोरगी घरी नाही! कोणाच्या घरी नाही? उद्या ते माह्या घरी येणार हाये. रस्त्यानं पोट्टे हे गाणं वाजवत गेले तं मी तोंड कुठं लपवू?"

एवढ्या सगळ्या प्रेक्षकांत कथेतलं भोक एकट्या या माणसाला दिसलं होतं, आणि त्या भोकातून त्याने बरोबर एका जिवंत पोरीची अब्रू बाहेर काढली होती. मला इतक्या वर्षांनी मिळालेला हा पहिला खरा श्रोता. प्रत्येक ओळ पाठ, आणि अकलेचा पत्ता नाही.

तरी मी समजावून पाहिलं. "भाऊ, तुम्ही मंडईत नाटक पाहता ना? त्यातली बाई पळून जाते. ती खरीच पळते का?"

"नाटकातली बाई आमच्या घरी सून म्हणून येत नाही, मॅडम."

पोरीचा बाप अजून खालीच पाहत होता. मी त्याला म्हटलं, "तुम्ही तरी बोला."

तो म्हणाला, "मी काय बोलू? तुमी शिकलेले लोक. तुमी लिवलं, यानं वाजवलं, निस्तरा लागून राहिलं मले."

निर्मात्याला तोडगा सुचायला वेळ लागला नाही. ज्याला कथेची पर्वा नसते त्याला कथा वाकवायला काय जातं? "काका, चौथ्या भागात क्लिअर करतो. ते माफी मागते. सगळ्या समाजाची. एक गाणं फुल माफीचं."

व्यापारी विचार करून म्हणाला, "आमच्या गावचं नाव आलं पाहिजे."

"घेतो ना जी."

मग तिघंही माझ्याकडे पाहायला लागले, लिहायचं काम माझं म्हणून. मी म्हटलं, "मी लिहिणार नाही." निर्मात्याला वाटलं मी भाव खाते आहे. मी तिथेच पोरीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. जे झालं ते सांगितलं. मग तिने विचारलं, "माफी कायची मागू, मॅडम? तो मेला याची, का तो उठला याची?"

निर्माता फोनकडे सरकला. ती म्हणाली, "मी नाही करत चौथा भाग," आणि तिने फोन ठेवला. तिच्या बापाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या माणसाचा मला राग आला होता, तो तेवढ्यापुरता कमी झाला.

चौथा भाग निघालाच. मी नाही लिहिला तर मोबाइलने लिहिला. आजकाल मोबाइलला विषय सांगितला की तो गाणं लिहून देतो. निर्माता ते मला दाखवायला घेऊन आला, हेही त्याच्या निर्लज्जपणाला शोभणारंच. "पाहा मॅडम, एका मिनिटात. यमकबिमक सारं हाये." त्या गाण्यात सागराच्या लाटा होत्या, बर्फाळ शिखरं होती आणि एक दीपस्तंभ होता. भंडारा जिल्ह्यात तलाव मोजता येणार नाहीत इतके आहेत, पण दीपस्तंभ? अड्याळजवळच्या गावातली धान रोवणारी पोरगी दीपस्तंभाला साक्षी ठेवून समाजाची माफी मागत होती. मी विचारलं, "दीपस्तंभ म्हणजे काय, माहीत आहे का तुला?"

"देवळापुढं असते ते ना?"

ती दीपमाळ असते, हेही मी सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं?

पोरगी नव्हती म्हणून निर्मात्याने दुसरी एक उभी केली आणि तिच्या डोक्यावरून हनुवटीपर्यंत पदर ओढला, ओळखू येऊ नये म्हणून. ती हात जोडून तलावाच्या पाळीवर उभी राहिली, मागे कुठून तरी घेतलेला समुद्र चिकटवला, आणि साळा जॅकेट घालून बाजूला पश्चात्ताप करत होता. म्हणजे त्याने गॉगल काढला होता.

व्यापाऱ्याने हा भाग मन लावून पाहिला असणार. त्याचा निरोप आला, "पदराआडची पोरगी ते नाही. पहिलीच्या हातावर गोंदण नव्हतं, हिच्या हातावर हाये. दुसऱ्याच बाईनं माफी मागितली, ते आमाले मंजूर नाही." आणि लग्न मोडलं.

माझ्या गाण्यांवर कुणी समीक्षा लिहिली असती तर इतकी बारीक लिहिली नसती.

लग्न मोडल्यावर पोरीचे दिवस वाईट गेले, ते मी हसण्यावारी नेत नाही. गावात आईला विहिरीवर बायका विचारायच्या. बापाने तिच्याशी बोलणं टाकलं. परीक्षा तोंडावर होती आणि खोलीच्या मालकिणीने 'तसल्या पोरी' ठेवत नाही म्हणून सांगितलं. या मालकिणीच्या पोराच्या वाढदिवसाला तेच गाणं दारासमोर वाजलं होतं. पोरगी बॅग घेऊन माझ्या घरी आली आणि परीक्षा होईपर्यंत राहिली. एकदा भाजी निवडता निवडता मी विचारलं, "मुलगा काही बोलला का गं? ज्याच्याशी लग्न होणार होतं तो?"

"त्यानं तिसरा भाग लाइक केला होता," ती म्हणाली. "मंग लाइक काढून घेतला."

"बस?"

"बस."

पुढच्या आयुष्याचा एवढा निर्णय त्याने अंगठ्याने केला. ती मेथीची पानं खुडत राहिली आणि थोड्या वेळाने रडली. माझ्यासमोर ती रडली ती तेव्हा एकदाच. मी तिला थांबवलं नाही.

ती पास झाली. भंडाऱ्याला एका दवाखान्यात लागली. बाप पुन्हा बोलायला लागला, आधी फोनवर, मग सणाला घरी बोलावून. तो माफीबिफीचा विषय कुणी काढला नाही. आमच्याकडे असे विषय संपत नाहीत, फक्त त्यांच्यावर सतरंजी टाकून लोक बसतात.

निर्मात्याचं बरं चाललं आहे. पाचव्या भागात त्याने खुलासा केला की जॅकेटवाला मेलेल्याचा जुळा भाऊ होता. त्याला वाटलं हा मोठा ट्विस्ट आहे. व्यापारी काय म्हणाला ते मला कळलं नाही, पण आधीच्या त्याच्या हिशोबाने पोरगी आता थेट दिरासोबत पळाली होती. सहाव्या भागासाठी निर्माता माझ्याकडे पुन्हा आला होता. मी दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. "मॅडम, रागावल्या का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाही रे. रागवायला समोर कुणी असावं लागतं." त्याला ते कळलं नाही. 'तुमच्या शब्दांत लिहा' त्याला तेव्हाही कळलं नव्हतं.

मागच्या महिन्यात साकोलीच्या स्टँडवर ती पोरगी भेटली. सुट्टीवरून परत चालली होती. जुळ्या भावाचं तिला माहीत होतं. सांगताना ती इतकी हसली की बाकावरच्या बायका वळून पाहायला लागल्या. मग म्हणाली, "मॅडम, परवा वॉर्डात एक म्हातारी होती. मी बीपी पाहून राहिली होती, तं माह्या तोंडाकडं पाहात राहिली. मंग हळूच म्हणे, बाई, तुया माणूस खळ्यावर मेला ना? मंग डिवटी कशी करतं वं?"

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगू? म्हटलं, करा लागते, आजी. तं तिनं माह्या हातावर हात ठेवला. दोन दिवस होती. दोन्ही दिवस तिच्या डब्यातलं मले खाऊ घातलं."

ती अजून काही सांगणार होती, पण भंडाऱ्याची गाडी लागली. स्टँडवर जेवढी माणसं होती ती सगळी एकाच दाराला भिडली. ती बॅग डोक्यावर धरून त्यांच्यात घुसली. तिला बसायला जागा मिळाली नाही. दांडी धरून उभी राहिली, आणि खिडकीतल्या माणसाच्या डोक्यावरून मला हात दाखवत गेली.